वाफ आणि वेणी

आमच्या घरातून चुरगळलेला कपडा घालून कुणी बाहेर पडू शकत नाही. मोठ्या जाऊबाई दारातच अडवतात. "काढ तो आधी," म्हणतात, आणि आपण बाहीतून हात काढेपर्यंत त्यांची इस्त्री तापलेलीही असते. मी त्यांना वहिनी म्हणते. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता त्यांनी माझ्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली, तिची कड सरळ केली आणि परत खांद्यावर टाकली. मला तेव्हा राग आला होता. पुढे कळलं, की वाकडी कड दिसली की या बाईला घास गिळवत नाही.

वहिनी लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर काम करतात. टेबलाएवढं मशीन, खाली गादी लावलेली फळी, वर तसंच झाकण. शर्ट पसरायचा, पायाने पट्टी दाबायची, झाकण खाली येतं, फुस्स करून वाफ सुटते आणि बाई ढगात दिसेनाशी होते. ढग विरतो तोवर शर्ट हँगरला आणि दुसरा फळीवर. कॉलर, कफ, पाठ, पुढा. दिवसभर हेच. वाफ तोंडावर येते तेव्हा श्वास धरायचा असतो. हे तिथे कुणी शिकवत नाही. एकदा नाक पोळलं की माणूस आपोआप शिकतं.

आमच्या दोघींचे नवरे एकाच ट्रकवर आहेत, आलटून पालटून चालवतात. त्यामुळे घर बहुतेक वेळ बायकांचंच. सासूबाई, वहिनी, मी, आणि वहिनींची मुलगी. मी घरीच शिवणकाम करते. मुलीला आम्ही चिमणी म्हणतो. बोलायला लागली तेव्हा सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू व्हायची, म्हणून हे नाव पडलं. शाळेत जायला लागली आणि कधीतरी शब्द अडकायला लागले. पहिलं अक्षर तोंडात येऊन उभं राहायचं, पुढे सरकायचं नाही. माझ्याशी बोलताना कमी अडकायची. सासूबाईंशी तर जवळजवळ नाहीच, कारण सासूबाई स्वतःच इतकं बोलतात की समोरच्याला अडकायला जागा राहत नाही. सगळ्यात जास्त अडकायची ती आईशी.

आणि मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की ती आता आईशी अडकतही नाही. कारण बोलतच नाही. "शाळेत काय झालं?" "काही नाही." "डब्यात काय देऊ?" "काहीही." ही दोन उत्तरं तिला स्वच्छ यायची. चिमणी माझ्या मशीनजवळ बसून काही सांगत असली, की स्वयंपाकघरात वहिनींची भांडी वाजायची थांबायची. भिंतीआडून ऐकून घेण्याची वेळ आली होती त्या माउलीवर.

शाळेने बोलण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी चिमणीला तपासलं, तिच्याशी गप्पा मारल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "मुलीचे व्यायाम मी बघते. घरातली घाई तेवढी कमी करा. तुम्ही स्वतः जरा शांत व्हायला शिका."

वहिनींनी ते लाँड्रीत कपडा घ्यावा तसं घेतलं. जवळच्या सभागृहात योगाच्या बाई वर्ग घ्यायच्या. वहिनी मला सोबतीला घेऊन गेल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "शांत व्हायला साधारण किती दिवस लागतात? महिनाअखेरीपर्यंत होईल ना?"

योगाच्या बाई हसल्या. "तुम्ही कपडे टाकायला आल्यासारखं विचारताय."

"तसं नाही, पण घरी सांगावं लागतं."

मी देवाला मानणारी बाई आहे, सकाळी हात जोडल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही. पण खरं सांगते, मला तेव्हा वाटलं, ही असली शांती ज्यांच्या घरात कामाला माणसं आहेत त्यांच्यासाठी असते. आपल्याला कुठली. वर्गात शेवटी डोळे मिटून उताणं पडायचं असतं. बाकीच्या उठल्या, चटया गुंडाळल्या, चपला शोधायला लागल्या, तरी वहिनी उठेनात. घोरत होत्या. मी हलवायला गेले, तर योगाच्या बाई म्हणाल्या, "राहू द्या. आज त्यांनाच सगळ्यात छान जमलंय."

वर्गाला रोज जाणं काही शक्य नव्हतं, म्हणून वहिनींनी घरी बसायचं ठरवलं. नवी योगा मॅट आणली, निळी. बसायची जागा आतल्या खोलीत, कपाट आणि पलंग यांच्या मध्ये. वेळ चिमणी उठायच्या आधीची. आणि इथे सासूबाईंनी मनावर घेतलं. सून मुलीसाठी काहीतरी करतेय, तर आपलाही हातभार लागला पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं. त्या दाराबाहेर खुर्ची टाकून राखण करायला बसल्या. दूधवाला आला की म्हणायच्या, "हळू बोल, आमची सून ध्यानाला बसलीये." शेजारीण आली की तेच, वर तिला ध्यान म्हणजे काय तेही समजावून सांगायचं. फोन वाजला, मग तर विचारूच नका.

"नाही, नाही येता यायचं तिला. शांत बसलीये. हो, अगदी शांत. अहो काय सांगू तुम्हाला, हूं नाही की चूं नाही."

आत वहिनी दात आवळून बसलेल्या. एकदा डोळे न उघडताच म्हणाल्या, "आई, तुम्हीही थोडं ध्यान करा ना."

"मी केलं तर दार कोण बघेल?" सासूबाई म्हणाल्या.

त्यात त्या मॅटचं एक दुखणं होतं. गुंडाळून आलेली, त्यामुळे तिच्या दोन्ही टोकांचे कोपरे वर वळलेले. डोळे मिटायच्या आधी वहिनींची नजर कोपऱ्यावर जायची, आणि मग डोळे मिटले तरी कोपरा दिसत राहायचा. पायाने दाबला तरी परत वर. मी म्हटलं, "उलटी गुंडाळून ठेवा दोन दिवस." पण दोन दिवस थांबणं हे वहिनींच्या स्वभावात नाही. त्यांनी ती मॅट काखोटीला मारून लाँड्रीत नेली आणि वाफेच्या प्रेसमध्ये घातली.

पुढचं सांगायला नको. रबराचीच ती. झाकण खाली गेलं ते वर येईना. सगळ्या दुकानात जळका वास, वरच्या गादीला निळा थर, खालच्या गादीला निळा थर, आणि मध्ये वहिनींची शांती. मालक धावत आले. बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे काय होतं?"

"योगा मॅट."

"कुणी गिऱ्हाइकाने टाकली?"

"नाही. माझीच. कोपरे वळत होते."

मालकांनी खालच्या गादीचा निळा थर नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाले, "घरी शांती मिळावी म्हणून माझी घालवलीत होय." दुसऱ्या बायकांनी तोंडावर पदर, रुमाल, हाताला लागेल ते धरलं. वहिनींनी संध्याकाळपर्यंत पत्र्याच्या पट्टीने दोन्ही गाद्या खरवडून काढल्या.

त्या रात्री जेवताना त्यांनी हे सगळं स्वतःच सांगितलं. त्यांच्या तोंडून इतकं लांबलचक काही आम्ही क्वचितच ऐकतो. सासूबाईंना हसून ठसका लागला. आणि चिमणी इतकी हसली, इतकी हसली, की हसण्याच्या भरात तिला आईशी बोलायची आठवण झाली. ताटावरून मान वर करून म्हणाली, "आई, तुझी म... म... म..."

वहिनी थिजल्या. हातातला घास हातात. ओठ मिटलेले, खांदे वर चढलेले, डोळे मुलीच्या तोंडावर. चिमणीने आईकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि ताटाकडे बघून म्हणाली, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती माझ्या मशीनजवळ बसली. मी काज करत होते. न विचारताच म्हणाली, थांबत थांबत, पण म्हणाली, "काकू, मी अ...अडकले ना, की आई श्वास धरते. दुकानात वाफ आल्यावर धरते तसा. मी बघितलंय. मी पुढे जाईपर्यंत ती घेतच नाही."

"मग?"

"मग मला वाटतं तिला गुदमरेल. म्हणून मी सोडून देते."

माझी सुई थांबली. आम्ही सगळ्यांनी मिळून समजूत करून घेतली होती, की पोर रुसली आहे, लाजते आहे, आईच्या घाईला वैतागली आहे. आणि ही आईला श्वास घेता यावा म्हणून आपले शब्द गिळत होती.

हे वहिनींना सांगावं की नाही, यावर माझं दोन दिवस काही ठरेना. देवापुढे हात जोडताना तेच डोक्यात. सांगितलं तर त्या स्वतःला दोष देत बसतील, नाही सांगितलं तर पोर अशीच गप्प होत जाईल. शेवटी कपडे वाळत घालताना सांगून टाकलं, त्यांच्याकडे न बघता. त्या एक चादर झटकत होत्या. ती झटकून झाली, दोरीवर पडली, कडा जुळल्या. मग म्हणाल्या, "मला माहीतच नव्हतं गं मी धरते म्हणून."

"सवय आहे कामाची."

"हो, पण तिच्या तोंडातून काय वाफ येते का?"

एवढंच म्हणाल्या आणि चिमटे लावत राहिल्या. एकाच चादरीला किती चिमटे लावावेत याला काही सुमार असतो.

मॅट परत आणली नाही. वर्गात मात्र एकदा जाऊन आल्या, आणि योगाच्या बाईंना महिनाअखेरीचं काही विचारलं नाही. "ते श्वास सोडायचं तेवढं नीट दाखवा," म्हणाल्या. बाईंनी दाखवलं. घेण्यापेक्षा सोडणं लांब, हळू, नाकाने, पोट आत जाईपर्यंत. त्याला जागा लागत नाही, राखणदार लागत नाही. वहिनींनी ते लाँड्रीत नेलं. पाय पट्टीवर, झाकण खाली, वाफ सुटली की अर्धं पाऊल मागे, मान जराशी वळवून श्वास सोडायचा. धरायचा नाही. सुरुवातीला हात मंदावले. मालकांनी हाक मारली, "काय, मशीन बिघडलं का परत?"

"मशीन ठीक आहे. मलाच दुरुस्त करतेय," वहिनी म्हणाल्या.

मालकांनी आधी फळीकडे नजर टाकून घेतली, परत काही निळं तर घातलं नाही ना.

पण दुकानात जमलं म्हणून घरात जमतं असं नाही. तिथे वाफ दिसते तरी. घरात काय, दूध, डबे, पाण्याचा नळ, आणि रस्त्यावर शाळेच्या गाडीचा हॉर्न. या सगळ्यात आई आणि मुलगी दोघी एका जागी स्थिर असतात अशी सकाळची एकच वेळ, चिमणीच्या वेण्या घालायची. चिमणी खाली पाटावर, वहिनी मागे स्टुलावर. वहिनींनी ती वेळ धरली. तोंडाने काही बोलल्या नाहीत. भांग पाडताना श्वास सोडायचा, पेड विणताना सोडायचा. चिमणीला आईचा चेहरा दिसत नाही, पण मानेवर श्वास लागत असणार. पहिले काही दिवस ती मान चोळायची. मग चोळायची थांबली.

सासूबाईंना मी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वेणीच्या वेळी काही बोलू नका." त्यांच्यासाठी हे कुठल्याही उपासापेक्षा अवघड होतं. तोंडावर पदर धरून दारात उभ्या राहायच्या.

एका सकाळी एक वेणी झाली होती, दुसरीचे पेड हातात होते. खाली गाडीचा हॉर्न वाजला. चिमणी म्हणाली, "आई, व... व..."

हॉर्न परत वाजला. मी डब्याचं झाकण लावत होते ते तसंच धरून राहिले. सासूबाईंच्या ओठावर शब्द आला होता, मला दिसत होता, "वही? वही राहिली का?" वहिनींनी तिकडे न बघता हातातला कंगवा वर केला, आणि सासूबाई जन्मात पहिल्यांदा बोलता बोलता थांबल्या. चिमणीचा शब्द तिथेच उभा. वहिनींच्या हातातले पेड तसेच. पण त्यांचे खांदे खाली होते. श्वास जात होता, येत होता. चिमणीच्या मानेवरचे बारीक केस हलताना मला दिसत होते. खाली गाडी गुरगुरली आणि निघून गेली. कुणी खिडकीशी गेलं नाही.

"व... वेणी," चिमणी म्हणाली. "वेणी फार घट्ट घालतेस तू. डोकं दुखतं माझं. रोज दुखतं. शाळेत गेल्यावर पहिल्या तासाला मी सोडते आणि घरी यायच्या आधी परत बांधते, तुला क... कळू नये म्हणून."

इतक्या दिवसांनी पोरीने आईला सांगितलेली पहिली गोष्ट ही. मला मेलीला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही.

वहिनींनी दुसऱ्या वेणीचे पेड सोडले. मग झालेली पहिलीही सोडली. सगळे केस मोकळे करून बोटांनी डोक्याची कातडी हळूहळू चोळली, मग परत विणायला घेतल्या. सैल. जरा जास्तच सैल. त्यांच्या हाताला ते अजिबात जमत नव्हतं, दोन्हीकडून बटा बाहेर येत होत्या.

"आता?"

"अजून थोडी," चिमणी म्हणाली.

गाडी गेली होती, म्हणून वहिनी तिला सोडायला चालत गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. लाँड्रीला उशीर होणार होता, मालक बोलणार होते. रस्त्यात चिमणी काहीतरी सांगत होती, मध्येच थांबत होती, आणि ती थांबली की वहिनीही चालायच्या थांबत होत्या. एकदा त्यांचा हात तिच्या कानामागच्या सुटलेल्या बटेकडे गेला. अर्ध्यात थांबला, आणि परत पिशवीवर आला.