न्यो न्यो मावशी आणि विंचवाची पलटण

छावणीच्या गावात न्यो न्यो मावशीचं ब्यूटी पार्लर होतं, आणि गावातली सगळ्यात पक्की बातमी तिथेच मिळायची. भुवया कोरताना बाई जरा जपून बोलते, पण डोकं बेसिनवर टेकवून कोमट पाणी सोडलं, की पोटातलं सगळं ओठांवर येतं. कोणाच्या नवऱ्याची बदली झाली, कोणाची बढती हुकली, कोणाची पलटण डोंगरात गेली, हे आधी मावशीच्या बेसिनपाशी कळायचं आणि मग सरकारी हुकूम निघायचा. कर्नलीणबाई, मेजरीणबाई, कॅप्टनीणबाई अशी सगळी फौज तिच्या हाताखालून गेलेली. मावशी म्हणायची, "सेनापतीला सलाम ठोकणारे पुष्कळ आहेत. सेनापतीणीची मान हवी तशी वळवणारी मी एकटी."

मग बर्मी सैन्याने देशाचं सरकार उलथवलं. गावातल्या नर्सा संपावर गेल्या आणि त्यांची धरपकड सुरू झाली. मावशीने त्यातल्या काही जणींना पार्लरच्या मागच्या खोलीत ठेवून घेतलं. एकदा त्यातली एक केस धुवायला पुढे आली, आणि नेमक्या त्याच वेळी दारात कर्नलीणबाई मे थ्वे उभ्या राहिल्या! मावशीने पापणी लवायच्या आत नर्सच्या तोंडाला तनाखाच्या उगाळलेल्या सालीचा बोटभर लेप फासला आणि तिला केस वाळवायच्या टोपाखाली बसवलं. कर्नलीणबाई शेजारच्या खुर्चीत विसावल्या आणि लागल्या बोलायला.

"या नर्सांना ना, उलटं टांगलं पाहिजे. काय हो ताई?"

टोपाखालच्या ताईंनी इतक्या जोरात मान डोलावली, की हनुवटीवरचा लेप तडकून खाली पडला.

कर्नलीणबाईंना संशय तेव्हाच आला की नंतर, देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी मेजरीणबाई सू मोन अवेळी आली. ही मावशीची लाडकी. येताना नेहमी घरच्या झाडाचे आंबे आणायची, आणि कधी आवाज चढवून बोलली नाही. तिने बेसिनवर डोकं टेकवलं, नळ मोठा सोडायला सांगितला आणि पाण्याच्या आवाजात पुटपुटली, "मावशी, मे थ्वेने कागाळी केलीय. आज संध्याकाळी इथे थांबू नका. आणि शेवटचे केस धुताय माझे, तर जरा मनापासून धुवा."

मावशीने मनापासून धुतले. दुपारी नर्सांना वाटेला लावलं, कात्र्या कमरेला बांधल्या आणि गाव सोडलं.

सरहद्दीची नदी ओलांडून ती पलीकडच्या देशात, मेसोतला आली. तिथे निम्मी वस्ती अशीच पळून आलेली. मोहिंग्याच्या, म्हणजे माशांच्या रश्श्यातल्या शेवयांच्या, दुकानावरची एक खोली मिळाली आणि मावशी पुन्हा केस कापायला लागली. एके दिवशी प्याय फ्यो नावाचा तरुण खुर्चीत बसला. वकिलीचा अभ्यास अर्धवट टाकून आलेला, चष्मेवाला, केसांकडे कैक महिन्यांचं दुर्लक्ष. कापून घेतानाही तो मोबाइलवर वर्दीतल्या माणसांचे फोटो पाहत होता. मावशीने वाकून बघितलं.

"हा ढेरपोट्या इथे काय करतोय रे?"

प्याय फ्यो दचकला. "तुम्ही ओळखता याला?"

"याला कोण ओळखतंय! मी बायकोला ओळखते. तिच्या मानेवर मस आहे. पण हा तर दक्षिणेला होता ना? हं, म्हणजे बदली झाली. तरीच तिने मागच्या आठवड्यात नवे पडदे टाकले फेसबुकवर."

प्याय फ्यो अर्धेच कापलेले केस घेऊन उठला आणि तिला आपल्या कचेरीत घेऊन गेला. कचेरी म्हणजे भाड्याचं एक घर. भिंतीभर नकाशे, पलटणींचे आकडे, खांद्यावरच्या बिल्ल्यांची चित्रं. कुठलं गाव कधी जळलं, तिथे कुठली पलटण होती, तिचा म्होरक्या कोण आणि त्याला हुकूम देणारा कोण, याचा माग ही मंडळी काढत. उद्या कुठल्या कोर्टात कोणी म्हणालं की आम्ही त्या गावी नव्हतोच, तर दाखवायला काही हवं ना! सैन्य आपल्या बदल्या लपवायचं. पण अधिकाऱ्यांच्या बायका निरोपसमारंभ, वाढदिवस आणि विहारातली दानं थोडीच लपवणार? मावशी कामाला लागली.

कचेरीची घरमालकीण नोईबाई. भिंतीवरचे आकडे बघून तिची खात्रीच पटली, की हे बर्मी लोक लॉटरीचा अभ्यास करतात. रोज काहीतरी निमित्त काढून यायची.

"आज कुठला चालेल हो?"

"नोईबाई, हे तसले आकडे नाहीत," प्याय फ्यो कळवळून सांगायचा.

"हो हो, कळतं मला. बोलायचं नसतं," म्हणून ती डोळा मारायची आणि जाता जाता एक आकडा पाठ करून जायची.

अशातच नदीपलीकडच्या थामिंकोन गावाची बातमी आली. पलटण गावात शिरली, घरं पेटवली, पळता न आलेली म्हातारीकोतारी आत राहिली. वाचलेल्यांनी सांगितलं, की शिपायांच्या खांद्यावर पिवळा विंचू होता. पलटण त्यावरून कळली. पण त्या दिवशी तिच्यापुढे उभं कोण होतं?

"मे थ्वेचा नवरा!" मावशी म्हणाली.

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तोच."

"मावशी, पुरावा."

"अरे, जी बाई इतकी वर्षं घरी बोलवून केस करून घेते आणि एकदा पाणी विचारत नाही, तिचा नवरा काय गावात सरबत वाटायला जाईल?"

"हे कोर्टात नाही चालणार."

"मग कसलं रे कोर्ट ते!"

पण पुरावा हवा, तर हवा. मावशी ईर्षेने शोधायला बसली. विंचवाची पलटण त्याच कर्नलच्या हाताखाली येते, हे तिने शोधलं. महिन्याभरापूर्वी तो त्या भागात होता, हेही सापडलं. तिने अशी काही मांडणी केली, की कचेरीतली पोरं माना डोलवायला लागली. एकटा प्याय फ्यो म्हणत राहिला, "तो त्या दिवशी कुठे होता, तेवढं राहिलंय."

ते मावशीनेच शोधलं. एका सकाळी कर्नलीणबाईंच्या पुतणीच्या पानावर तिला व्हिडिओ दिसला. कर्नलच्या धाकट्या लेकीचा कान टोचायचा सोहळा. मागे कापडी फलकावर मोठ्या अक्षरांत तारीख, थामिंकोन जळलं तीच. ठिकाण दूरची राजधानी. आणि मधोमध हातात माइक घेऊन, डोळे मिटून कर्नलसाहेब प्रेमगीत गात होते.

मावशीने मोबाइल उपडा ठेवला. दुसरं कोणी बघितलेलं नव्हतं. ती उगाच नकाशाच्या टाचण्या नीट करत राहिली. एक-दोनदा प्याय फ्योने विचारलं, "बरं नाही का?" तेव्हा ती त्याच्या अंगावर ओरडली. दुपारी ताटातलं आवडतं चहाच्या पानांचं लोणचंही तिने तसंच बाजूला सारलं. शेवटी उठून तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"घे. बघ. आणि हसू नकोस."

प्याय फ्योने बघितलं आणि तो हसलाच, कारण कर्नलसाहेब वरच्या पट्टीत गेले होते.

"मावशी, हा तिथे नव्हता."

"दिसतंय मला."

"म्हणजे आपण चुकीच्या माणसाला..."

"आपण नाही, मी. सरळ बोल." ती खुर्चीत धपकन बसली. "पण मला एक सांग, इतका बेसूर माणूस निर्दोष कसा असेल रे?"

"पलटण त्याच्या हाताखालची आहे, म्हणजे त्यालाही जाब द्यावा लागेलच. पण तिथे उभा राहून जाळायला लावणारा दुसरा कोणीतरी आहे."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. प्याय फ्योने वाचलेल्यांची बोलणी परत ऐकायला घेतली. त्यांत एई क्यी नावाची एक आजी होती. ती चिंचेच्या आडोशाला लपून सगळं बघत होती. ती म्हणत होती, "साहेब प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. आगीपाशी त्याला घाम आला, तर घाम काळा. कानशिलांवरून काळे ओघळ."

"ही काजळी असणार," प्याय फ्यो म्हणाला. "मी दोनदा विचारलं, तरी आजी ऐकेना. म्हणते, बाकी कोणाला नव्हते ओघळ, एकट्या त्यालाच."

मावशीने टाचण्यांची डबी बंद केली. मग म्हणाली, "काजळीच असेल," आणि पिशवी उचलून घरी निघून गेली.

मेजर याझा तुनचे केस ऐन तिशीत पिकले होते. पलटणीपुढे पांढरं डोकं घेऊन जायची त्याला लाज वाटायची, आणि पार्लरात यायची त्याहून जास्त. म्हणून त्याची बायको कलपाची पुडी मावशीकडून गुपचूप न्यायची. मावशी दर वेळी बजावायची, "लावल्यावर दोन पाण्यांनी धुवायला सांग हो, नाहीतर घामाबरोबर उतरेल." आणि ती बायको हसून म्हणायची, "सांगते, पण ते माझं ऐकतात कुठे!"

ती बायको सू मोन.

दुसऱ्या दिवशी मावशी कचेरीत आली ती थेट प्याय फ्योसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. कलप, आंबे, नळाच्या आवाजातलं ते बोलणं. सांगताना नाक पुसायला तिने हाताला आलेला कपडा घेतला. तो प्याय फ्योचा शर्ट होता.

"कलपावरून काही सिद्ध होत नाही," तो हळूच म्हणाला. "निम्मे साहेब केस रंगवतात."

"माहीत आहे. पण शोधायचं कुठे, ते कळलं ना?"

"तुम्हाला नको असेल तर मी दुसरा मार्ग शोधतो. वेळ लागेल, पण मिळेल."

"आणि तोवर तो खुर्ची टाकून आणखी कुठे बसेल?" मावशी म्हणाली. "मी आज जिवंत आहे ती तिच्यामुळे, बाबा. पण त्या गावातल्यांना नळ सोडून सांगणारं कोणी नव्हतं." मग डोळे पुसून तिने बोट उगारलं. "एक अट. तिचं नाव यायचं नाही. पोरांचे चेहरे यायचे नाहीत. तिने आग लावलेली नाही."

"एक अक्षरही येणार नाही."

सू मोनच्या पानावर मावशी कधी काम म्हणून गेली नव्हती. नुसती बघायला जायची. आता काम म्हणून गेली. नवऱ्याला नवी पलटण मिळाल्याचा समारंभ तिथे होता. टेबलावर भला मोठा केक, त्यावर पिवळ्या क्रीमचा विंचू, नांगी वर केलेला. मेजरसाहेब सुरी घेऊन उभे, केस काळेभोर. मावशीला रडू यायचं तर तिथेच हसू फुटलं.

"नांगी कोणाला वाढली असेल रे?"

पुढचं काम प्याय फ्योने केलं. पलटणीतून पळून आलेला एक शिपाई शोधला, त्याने खुर्ची आणि साहेब दोन्ही ओळखले. उपग्रहाच्या चित्रांतली जळकी घरं तारखेशी जुळवली. एई क्यी आजीपुढे बरेच फोटो ठेवले, त्यातला मेजरचा तिने न अडखळता उचलला. मगच अहवाल छापला गेला.

त्याच सुमारास नोईबाईंना लॉटरी लागली. आकडा भिंतीवरचा, नेमका विंचवाच्या पलटणीचा. भाजलेल्या कोंबड्या आणि चिकट भात घेऊन ती नाचतच आली. कचेरीत कोणी पानाला हात लावेना, आणि तिला समजावणार तरी काय? मावशीने आधी एक तंगडी उचलली. "खा रे पोरांनो. त्या आकड्याने जन्मात पहिल्यांदाच कोणाचं भलं केलंय."

अहवालाने आभाळ कोसळलं नाही. मेजर याझा तुनला बढती मिळाली. पण एका परदेशाने त्याला आणि त्या बेसूर कर्नललाही आपल्या देशात यायला बंदी केली, आणि वर्तमानपत्रांत दोघांची नावं आली. विंचवाच्या पलटणीने तर कमालच केली, खांद्यावरचे बिल्ले उसवून टाकले. नव्या फोटोंत सगळ्यांचे खांदे कोरे, नुसते टाके दिसणारे. प्याय फ्यो खूश झाला, म्हणाला, "आता तर आणखी ओळखू येतात." सू मोनचं पान मात्र बंद झालं. तिला कळलं की नाही, कळलं तर काय वाटलं, हे मावशीला कधीच समजलं नाही. आंब्याच्या दिवसांत ती जरा चिडचिडी होते, कचेरीतली पोरं तेवढे दिवस तिच्या वाटेला जात नाहीत.

पावसाळा सरल्यावर एई क्यी आजी नदी ओलांडून मेसोतला आली आणि थेट कचेरीत येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं. प्याय फ्योने तिच्या गावाचं प्रकरण सबंध वाचून दाखवलं. आजी मान न हलवता ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हैस?"

"कुठली म्हैस, आजी?"

"माझी. गोठ्यात जळाली ती. मी सांगितलं होतं तुला."

प्याय फ्यो चाचरला. "आजी, हे माणसांबद्दल..."

"गाभण होती," आजी म्हणाली.

"लिही रे," मावशी म्हणाली.

प्याय फ्योने मुकाट्याने कॉम्प्युटर उघडला. म्हशीचा रंग, वय, शिंगं, कपाळावरचा चांद, सगळं आजीने सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. मग आजी मावशीच्या खोलीवर राहायला गेली. तिथे पहिल्याच सकाळी तिने मोहिंगा चाखला आणि मासे शिळे आहेत असं दुकानदाराला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून मावशी आणि आजी, दोघींचं कडाक्याचं भांडण आणि गाढ मैत्री सुरू आहे.