साहेब ‘बसा’ म्हणाले

भय ही जर विद्या असती, तर आमचे शेजारी तिचे महामहोपाध्याय ठरले असते. मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, भित्रे विद्यार्थी पुष्कळ पाहिले; परंतु उन्नतीला भिणारा मनुष्य मी या एकाच गृहस्थाच्या रूपाने पाहिला. ते मूळचे शेवगावकडचे. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी नगरच्या सावेडी भागात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहू लागले. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मोटारींसाठी पोलादी शाफ्ट घडत. तेथे ते हेल्पर म्हणून लागले आणि पुढे लेथवरचे कामगार झाले. नोकरी कायम झाल्याचे पत्र हाती आले, तेव्हा दृष्ट लागेल या धास्तीने त्यांनी ते ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवले. तीन आठवड्यांनी दळण काढताना त्यांच्या पत्नीच्या हाती ते लागले. “अवो, ज्वारीत कागद कवापास्नं पिकाय लागला?” हा त्या माउलीचा प्रश्न आम्हास भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आला.

त्यांच्या घरातील घड्याळ वीस मिनिटे पुढे असे. ते पुढे आहे हे स्वतःस ठाऊक असल्यामुळे त्याचा धाक वाटेनासा झाला, म्हणून मनगटावरचे त्यांनी आणखी दहा मिनिटे पुढे नेले. भोंगा होण्यापूर्वी अर्धा तास त्यांची सायकल फाटकाशी उभी. पहारेकरी म्हणे, “मामा, कुलपाची किल्ली तुमच्याकडंच ठिवू का?” यावरही ते घाबरले, किल्ली हरवली तर काय, या विचाराने त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागली नाही.

मात्र त्यांच्या सर्व भयांचे मूळपीठ म्हणजे साहेबांच्या टेबलासमोरची खुर्ची. “गुरुजी,” ते मला सांगत, “साहेब वरडले तर भ्या न्हाई. वरडत्यात म्हंजी मानूस ठिवायचाय. पन साहेब बसा म्हनले, की समजायचं, संपलं. आमच्यातल्या दोघांला बसा म्हनले, च्या पाजला, अन् कप खाली ठिवायच्या आत घरी धाडलं.” नोकरीच्या अकरा वर्षांत ते त्या खोलीत अनेकदा गेले असतील, बसले एकदाही नव्हते.

अशा मनुष्यास कारखान्याने सुपरवायझर केले. कोणी पेढे वाटले असते. हे माझ्या ओट्यावर येऊन थरथरत उभे राहिले. “कामगार हुतो तवर युनियनचं छप्पर हुतं डोक्यावर. आता सहा म्हैने परीक्षा. एक चूक झाली, की छप्परबी न्हाई अन् लेथबी न्हाई. मागं जायला वाट न्हाई, गुरुजी.” मी त्यांना निर्भयतेवर घटकाभर प्रवचन दिले. ते हात जोडून ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “खंडेनवमीला यंत्रांची पूजा तुमीच सांगा. तुमचं पाठ असलेलं देव तरी ऐकंल.”

खंडेनवमीस मी सोवळे नेसून कारखान्यात गेलो. यंत्रे बंद, झेंडूच्या माळा, तेलाचा आणि उदबत्तीचा मिश्र गंध. एका टेबलावर मखमलीच्या पेटीत आरशासारखी चकचकीत पोलादी चकती विराजमान होती. “ह्याला आमी मास्टर म्हनतो,” ते हळूच म्हणाले, “सगळ्यांची मापं ह्याच्यावरनं.” मखमल, पेटी आणि सर्वांचे प्रमाण! मला साक्षात शाळिग्राम भासला. मी चकती उचलली आणि सहाणेवरचे दाट गंध तिच्या कडेला भक्तिभावाने लावले. त्यांचे ओठ हलले, हात किंचित पुढे आला आणि पुन्हा जोडला गेला. मी तो नमस्कार समजलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दुपारी दोन वाजता घरी आले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. ओट्याच्या पायरीवर सायकल टेकवून ते म्हणाले, “गुरुजी, साहेब बसा म्हनले.”

मी हातातले पुस्तक मिटून खाली ठेवले.

सकाळी त्या मास्टरवरच मापाचे काटे जुळवले गेले होते. देवाचे गंध पुसायचे कसे, म्हणून कोणी ते पुसले नाही, यांनीही नाही. वाळलेल्या गंधाच्या जाडीएवढे सारे शाफ्ट जाड उतरले. बाराच्या सुमारास जोडणीच्या वेळी एकही शाफ्ट बेअरिंगच्या भोकात शिरेना. साहेबांनी विचारले, “मास्टरला गंध कोणी लावलं?”

“मग?” माझा स्वर मलाच परका वाटला.

“मी लावलं म्हनलो.”

“अहो, असत्य! माझे नाव सांगायचे होते.”

“तुमचं नाव कसं सांगू? तुमाला फाटकाच्या आत आनलं कुनी? हात लावू नगा म्हनायला तोंड हुतं की मला. भ्यालो. पूजेत कसं बोलावं? एकदा भ्यालो त्येचं ह्ये झालं, मंग साहेबाफुडं पुन्यांदा कसं भ्यावं?” ते पायरीवर बसले आणि टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. “शनवारी सांगतो म्हनलेत. तवर घरी बसा.”

शनिवारपर्यंतचे ते चार दिवस मी जपाची माळ हाती धरून काढले. मणी पुढे सरकत नव्हता. निर्भयतेवर बोललेला मी, भिंतीपलीकडे भांडे पडले तरी दचकत होतो. अखेर मी स्वतः जाऊन साहेबांसमोर चूक कबूल करावी असे ठरवले, तर आमच्या अंगणाच्या फाटकातच ते आडवे आले. “तुमी गेलात तर मी खोटा ठरंल. घरात चला.”

शनिवारी पत्र मिळाले. नोकरी राहिली, परीक्षेचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. हे पत्र मात्र त्यांनी कोठीत पुरले नाही, देव्हाऱ्याशेजारी उघडे ठेवले.

पुढल्या खंडेनवमीस त्यांनी मला पुन्हा बोलावले. मी नको म्हणालो, तरी ते सायकलवर मागे बसवून घेऊन गेले. मास्टरची पेटी बंद होती, झाकणावर एकच झेंडूचे फूल. मी यंत्रांवर दुरूनच अक्षता टाकल्या. आरती झाल्यावर ते लगबगीने एक खुर्ची घेऊन आले, खांद्यावरच्या उपरण्याने ती पुसली आणि म्हणाले, “गुरुजी, बसा.”

मी त्यांच्याकडे पाहिले. ते हसत होते. मी बसलो. ते मात्र चहाचा कप हातात घेऊन माझ्या शेजारी उभेच राहिले.