अहमदपूर सोडलंय

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. सभांमधून एवढं बोललो, एवढी पत्रकं लिहिली — पण हे नाही.

आमच्या संघटनेच्या पत्रकांची सवय तुम्हाला ठाऊक असेल. मोर्चा निघायच्या आधीच 'हजारोंचा जनसमुदाय लोटला' असं छापून मोकळं व्हायचं. त्याला आम्ही खोटं म्हणत नसू. हिंमत देणं म्हणत असू. मी त्यातच वाढलो — पण म्हणून काय?

अहमदपूरच्या पुढं, एका गावाच्या गायरानावर चौदा भूमिहीन घरं ज्वारी पेरून राहत होती. गावानं त्यांची वाट अडवली, पाणी तोडलं. आतल्यांना एकजुटीनं धरून ठेवलं होतं त्यांच्यातल्याच सखूमावशीनं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी नांदेडला, विष्णुपुरीतल्या खोलीवर. "पन्नास माणसं आण रे बाबा. आम्ही लेकरं धरून साठबी न्हाई."

मी बैठक बोलावली. दोघं आले. एकाची परीक्षा होती. मग — मी एकट्यानं जायला हवं होतं ना? एसटी होती. गेलो नाही. भ्यालो. हा शब्द मी कुठल्याच पत्रकात लिहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. फौजदारानं दुपारपर्यंत मुदत दिली होती — निघत असाल तर ट्रॅक्टर देतो, सामानासकट सुखरूप सोडतो. मावशी म्हणाली, "खरं सांग. यायलेत का लोकं? न्हाईतर लेकरं घेऊन निघतो आम्ही."

तिनं खरं मागितलं होतं. तेवढंच.

"मावशी, अहमदपूर सोडलंय. दोन जीपा हायेत."

मागं बायका हसल्या. कुणीतरी ओरडलं, "चहा टाका गं, पाव्हणे यायलेत!" — आणि प्यायला पाणी नव्हतं त्यांच्याकडं.

ट्रॅक्टर रिकामा परत गेला. संध्याकाळी गाव आत शिरलं. झोपड्या जळाल्या. ज्वारीत जनावरं सोडली. सखूमावशीचा उजवा हात कोपरात मोडला. तो आता सरळ होत नाही.

दवाखान्यात तिनंच मला विचारलं, "जीपा वाटंत अडवल्या व्हय रे तुमच्या?"

मी हो म्हणून मान हलवली.

ती आता मुरुडला लेकीकडं असते. भेटेल त्याला सांगते — पोरं निघाली होती, त्यांना येऊ दिलं न्हाई. कधी मीही तिथं बसलेला असतो. ऐकत असतो.