काकांना असलं कसं विचारायचं?

मेडिकलला असताना आम्हाला दर महिन्याला नव्या वस्तीत शिकायला पाठवायचे. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावाजवळ एका चर्चच्या तळघरात मोफत दवाखाना भरायचा. पेशंट नागपूरचे काका आहेत आणि मराठी येणारा मी एकटाच, हे कळल्यावर तिथे मी कॉलर ताठ करूनच गेलो.

मुलाकडे राहायला आलेले काका चक्कर येऊन पडले होते, म्हणून मुलाने त्यांचं मॉलमधलं सकाळचं फिरणं बंद केलं होतं. "बाहेर बर्फ, मॉलला बंदी. लोणच्यासारखा मुरतोय घरात," काका कुरकुरले. शेजारी सूनबाई. आमच्या तर्री-पोह्यांवर मस्त गप्पा झाल्या आणि मी विजयी वीरासारखा पडद्याबाहेर आलो.

"लघवीचा त्रास? दारू? पाणी किती पितात?" आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मला फक्त तर्री किती घेतात ते ठाऊक होतं. अमेरिकन आजोबांना हेच प्रश्न मी हवापाणी विचारल्यासारखे विचारायचो. पण समोर आपल्याकडचे काका असले की माझी जीभच उचलत नसे.

"परत जा."

गेलो. जमिनीकडे बघत पुटपुटलो. काकांनी सुनेकडे पाहिलं. "छे छे, सगळं उत्तम!"

"आत आणखी कोण होतं?" मॅडमनी विचारलं.

सासऱ्याला सुनेसमोर लघवीचं विचारणारा शहाणा मीच! आता मात्र ठरवलं, उत्तर घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. "वहिनी, जरा पडद्याबाहेर बसता?" त्या लगेच उठल्या. मी काकांसमोर खुर्ची ओढली, त्यांच्या डोळ्यांत बघून एकेक प्रश्न विचारला.

"रात्री सारखं उठावं लागतं बेटा. घरभर गालिचा. वाटेतच काही झालं तर सुनेला काय तोंड दाखवू? म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाही."

आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी मात्र नेमाने चालू!

मॅडमनी त्यांचं बीपी झोपवून मोजलं, मग उभं करून. उभं राहताच बीपी धाडकन खाली. त्यांनी गोळी बदलली, तपासायला रक्त घेतलं आणि पाणी प्यायची ताकीद दिली.

"आणि मॉल?" काकांनी मला विचारायला लावलं.

"सोबत कोणी असेल तरच," मॅडम म्हणाल्या.

"मी येईन बाबा," पडद्याआडून आवाज आला. "पाण्याची बाटलीही घेईन."

मी सूनबाईंना बाहेर बसवलं होतं ते पडद्याला अगदी लागून! काका लालबुंद. "सगळं ऐकलंस?"

"तुमचा आवाज पार्किंगपर्यंत जातो, बाबा."

काका काठी घेऊन सावकाश उठले. "चल मग. आत्ता उघडा असेल ना मॉल?"