गावदेवीच्या राईची हरकत

वाल सोलायला चार जणी बसल्या की आमच्या बदलापूर गावात अजून राईच्या भांडणाचे किस्से निघतात. एकीने एक काढला की दुसरीला तीन आठवतात. हसण्याच्या नादात सालं पातेल्यात आणि दाणे केरात. राई राहिली, म्हणून हसायला सुचतं.

राई म्हणजे गावदेवीची देवराई. आंबे, जांभळं, एक वड. आमच्या ओट्या तिथं, पोरांची जावळं तिथं. नव्वदच्या आसपास तिला खेटून एका बिल्डरच्या बिल्डिंगा येणार आणि त्यांचा रस्ता राईतून जाणार, असं निघालं.

*

नोटीस चावडीवर लागली. मला अक्षर येत नाही. सून सुनीताने वाचून दाखवलं, कुणाची हरकत असेल तर एका महिन्यात लेखी द्यावी.

मी दोनदा विचारून खात्री केली. मग म्हटलं, "एवढी वर्षं या गावात नांदले. माझी काही हरकत आहे का, हे पहिल्यांदाच कुणीतरी विचारतंय. देऊन टाकू!"

*

सुनीताने अर्ज लिहिला, खाली आम्ही सगळ्या बायकांनी अंगठे उठवले. कचेरीतला क्लार्क म्हणाला, एक कागद म्हणजे एकच हरकत, अंगठे कितीही असोत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या हातात वेगळा कागद. अर्ध्यातच त्याचं स्टॅम्पपॅड कोरडं पडलं. शाई संपली, आता उद्या या, असं तो खुशीत म्हणाला. शेजारच्या भीमाबाईने पिशवीतून करंडा काढला.

"कुंकू चालेल का, भाऊ?"

शाई लगेच सापडली.

*

मग क्लार्क म्हणाला, नवऱ्याचं नाव सांगा. आमच्यात ते नुसतं घेत नाहीत. शेवटी भीमाबाईने पदर सावरला.

"राईतल्या आंब्याला मोहोर आला दाट, गणपतरावांचं नाव घेते, सोडा आमच्या देवीची वाट!"

मग काय, एकीमागून एक. टायपिंग थांबलं, चहावाला थांबला, मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. क्लार्क म्हणतो कसा, "सावकाश होऊ द्या, मावशी. मघाचं परत एकदा म्हणा."

*

बिल्डरचा माणूस घरी आला. हरकत मागे घ्या, तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक स्वस्तात देतो, खिडकीतला व्ह्यू तर बघा, म्हणून रंगीत कागद पुढे केला. खिडकीत आमचीच राई!

मी विचारलं, "रस्ता झाल्यावर खिडकीला हा कागद चिकटवून देणार का?"

चहा न पिताच गेला.

*

शेवटी साहेब जागा बघायला आले. मे महिना, भर दुपार. बिल्डरचा इंजिनिअर सांगत होता की नकाशात जागा मोकळी आहे, इथं नुसती झुडपं, झाड म्हणून नाही. साहेबांची सही झाली की राई गेली.

उन्हात नकाशा दिसेना, म्हणून इंजिनिअर मोठ्या आंब्याखाली गेला आणि तिथं त्याने तो पसरला. साहेब, क्लार्क, सगळे त्याच्या मागोमाग.

मी पुढे झाले. "साहेब, नकाशात झाड नाही ना? मग जरा उन्हात येऊन वाचा."

साहेबांनी मान वर करून बघितलं. नकाशाची घडी घालून ती इंजिनिअरच्या हातात दिली. क्लार्क पेन उघडूनच उभा होता.

"लिहा," साहेब म्हणाले. "झाड पहिलं. आंबा."