हेफेलेच्या इंजिनाचा घाम

ओयगेन हेफेले इंजिनाबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याने आधी खुर्ची ओढून घ्यावी. आमच्या त्सुफनहाउझन या जर्मन उपनगरातल्या स्पोर्ट्स कारच्या कारखान्यात त्याने उभा जन्म इंजिनं जुळवण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर तसलीच एक जुनी लाल गाडी आणून त्याने अंगणातल्या शेडमध्ये ठेवली आणि तिचं इंजिन सगळं खोलून स्वतःच्या हाताने पुन्हा बांधलं.

"दुसऱ्यांची इंजिनं घाम गाळतात," तो म्हणायचा, "माझं नाही. तेलाचा थेंबही नाही."

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. बघायचं नाही असं ठरवलं तरी मला अंगण दिसतंच.

आमच्या इमारतीत झाडणपाळीची लाकडी पाटी दारोदार फिरते. ज्याच्या दारावर पाटी असेल त्याने तो आठवडा जिना आणि अंगण लख्ख ठेवायचं. त्यामुळे अंगणात तेलाचा डाग दिसला तेव्हा जणू कुणाच्या अब्रूलाच डाग लागला. डाग होता तळमजल्यावरच्या थानासिसच्या व्हॅनखाली. थानासिस ग्रीक, ओतकामाच्या कारखान्यात कामाला. दर उन्हाळ्यात ती खटारा व्हॅन भरून तो आणि त्याची बायको इरिनी गावी जायची.

हेफेलेने त्याला जिन्यातच गाठलं. "तुझी व्हॅन गळतेय. हे अंगण आहे, बकऱ्यांचा गोठा नाही."

"मी खाली पुठ्ठा टाकून बघितला, हेर हेफेले. कोरडा आहे." थानासिस त्याला नेहमी अदबीने 'हेर', म्हणजे 'श्रीयुत', म्हणायचा.

"मग तेल काय आभाळातून पडलं? इंजिनातलं मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत," थानासिस म्हणाला आणि साबण घेऊन डाग घासायला बसला. तेव्हा पाळी त्याची नव्हती.

हेफेले तेवढ्यावर थांबला नाही. त्याने घरमालकाचे कान भरले आणि व्हॅन अंगणाबाहेर घालवली. आमच्या गल्लीत गाडीला जागा मिळते होय? थानासिसला ती पार टेकडीवर लावावी लागे. इरिनी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन तिथून पायी यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण तेव्हा इमारतीतल्या सगळ्यांनीच माना डोलावल्या होत्या.

व्हॅन गेली आणि डाग मात्र वाढला. अंगणाला शेडकडून उतार आहे. फरशीच्या सांध्यांतून तेल वाहत येऊन व्हॅनच्या जागी साचत होतं, हे ती जागा रिकामी झाल्यावर नीट दिसलं. माझी जीभ काही गप्प बसली नाही.

"हेर हेफेले," मी खिडकीतून विचारलं, "व्हॅन तर गेली. आता कोण गाळतंय, मांजर?"

तो शेडमध्ये गेला आणि गाडीखाली आडवा झाला. बराच वेळ मला त्याचे नुसते बूट दिसत होते. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे तेलाचा थेंब लोंबत होता, हे त्याने मग सांगितलं.

काम करताना शेडचं दार तो नेहमी लावून घ्यायचा. या वेळी ते सताड उघडं ठेवलं. इंजिन खाली उतरवलं, क्लच आणि फ्लायव्हील काढलं, आणि क्रँकशाफ्टवर ओरखडाही न पडू देता त्याच्या टोकाचं, तेल अडवणारं सील उचकटून काढलं. त्या रबरी कडीची आतली कड एका बाजूला दुमडली होती. त्यानेच ती तिरकी ठोकली होती. नव्या सीलला तेल लावून, चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत त्याने ते सरळ बसवलं. मी कॉफी घेऊन गेले, तर त्याने कपाला हातही लावला नाही.

"कारखान्यात कुणी असं सील बसवलं असतं तर सगळ्यांदेखत त्याची सालटी काढली असती मी," तो म्हणाला. "लाज वाटते हो, फ्राउ क्नेडलर. जिना चढायची लाज वाटते."

मग ते जुनं सील हातात धरून तो थानासिसच्या दारात उभा राहिला. मी जिन्यातच होते. इरिनीने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. थानासिस तिच्यामागून पुढे आला.

"व्हॅन नव्हती. माझी गाडी होती," हेफेले म्हणाला. "मीच चुकीचं बसवलं होतं. मालकांना सांगून आलोय. तुम्ही व्हॅन परत आत लावा."

त्याच्या तोंडून थानासिसला 'तुम्ही' मी पहिल्यांदाच ऐकलं.

थानासिसने सील हातात घेऊन फिरवून बघितलं आणि परत दिलं. "व्हॅन विकली, हेर हेफेले. त्या चढाने इरिनीचे गुडघे धरले. ठेवून करायचं काय?"

"मग उन्हाळ्यात गावी..."

"बघू."

त्या शनिवारी पाटी थानासिसच्या दारावर होती. सकाळी मी खिडकी उघडली तर हेफेले खाली व्हॅनच्या जागेवर गुडघे टेकून फरशी घासत होता. थानासिस झाडू घेऊन बाहेर आला. चार शब्द सुनवायचा त्याला हक्क होता, आणि मला वाटलं आता सुनवणार. त्याने वाकून हेफेलेच्या हातातला ब्रश हळूच काढून घेतला.

"राहू द्या," तो म्हणाला. "पाटी माझ्या दारावर आहे."

आणि उरलेला डाग तो स्वतः घासायला लागला. हेफेले ओल्या गुडघ्यांनी तिथेच उभा होता. हात कुठे ठेवावेत, हे त्याला कळत नव्हतं.