धुक्यात वर झालेला हात

आत्याने ऑपरेशनला नाही म्हटलं, त्या दिवसापासून माझं आणि देवाचं बिनसलं होतं. देवासमोर हात जोडायचो, पण ते सवयीने. मनातून मी त्याच्याशी अबोला धरला होता. माझी आई गेली तेव्हा मी लहान होतो. आत्यानेच मला बडा गणपती मंदिराजवळच्या आपल्या घरी आणलं आणि स्वतःच्या मुलाबरोबर वाढवलं. आता तिच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि पदर सारखा करत असल्याचं सोंग करायची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की झडप बदलली तर ती पुन्हा हिंडेल-फिरेल, नाहीतर येता उन्हाळा काढणं कठीण आहे. तिचं उत्तर ठरलेलं होतं, "महाराजांची इच्छा असेल तसं होईल. मी माझा भार त्यांच्यावर टाकला आहे." हे महाराज म्हणजे आमच्या घराण्याचे गुरू. त्यांची एक जुनी तसबीर तिच्या देवघरात आहे, उजवा हात वर करून अभय देणारी. त्या तसबिरीकडे पाहून मला राग यायचा. श्रद्धेपायी जर हातातलं माणूस डोळ्यांदेखत जाणार असेल, तर ती श्रद्धा काय कामाची, असं मी स्वतःशीच पुटपुटायचो.

मी पोलोग्राउंड भागातल्या एका लहानशा कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. आठवडाभर कॉम्प्युटरवर सरळ रेषा काढायच्या, आणि थंडीतल्या रविवारी कॅमेरा घेऊन पहाटे घराबाहेर पडायचं, हा माझा नेम आहे. झाडांमधून उतरणारी उन्हाची किरणं टिपायचा मला नाद आहे. हा नाद माणसाला ताटकळत ठेवतो. धुकं फार दाट असेल तर किरणं दिसत नाहीत, आणि आभाळ स्वच्छ असलं तरीही दिसत नाहीत. ऊन आणि धुकं एकमेकांत मिसळत असतात तेवढाच काय तो वेळ. तेव्हा सूर्य एखाद्या खोडाआड धरला, की फांद्याफांद्यांतून उजेडाचे लांब पट्टे सुटतात आणि हवेत नुसते उभे राहतात. आपण जोरात श्वास सोडला तरी ते मोडतील असं वाटतं. आत्या मला चिडवायची, "एवढ्या थंडीत ऊन पकडायला जातो, आणि घरी येऊन हीटरला चिकटून बसतो!"

जानेवारीतल्या त्या रविवारी मी घरातून निघालो तो खरं तर पळून निघालो. आदल्या दिवशी आत्याशी माझं भांडण झालं होतं. हातोद गावाच्या पुढे मी डांबरी रस्ता सोडला, मोटरसायकल एका बाभळीखाली लावली आणि शेतांच्या बांधावरून चालू लागलो. धुकं इतकं होतं की माझेच बूट मला अंधुक दिसत होते. कुठेतरी टिटवी ओरडत होती, कुठून तरी पंपाचा आवाज येत होता, पण आवाज कोणत्या बाजूचा ते कळत नव्हतं. मग हळूहळू ते सगळं पांढरं आतून उजळायला लागलं. समोर चिंचेचं एक मोठं झाड आधी सावलीसारखं आणि मग खरोखरचं उभं राहिलं, आणि त्याच्या फांद्यांमधून किरणं खाली उतरली. इतकी किरणं मी जन्मात पाहिली नव्हती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सूर्य खोडाच्या अगदी मागे यावा म्हणून डोळा न काढता एकेक पाऊल पुढे सरकू लागलो. राग, आत्या, डॉक्टर, सगळं विसरलो होतो. मी जागा होतो की झोपेत चालत होतो, आज सांगता येणार नाही.

त्या उजेडात, झाडाच्या पलीकडे, अचानक एक माणूस दिसला. कांबळं पांघरलेला, चेहरा अंधारात, आणि उजवा हात वर केलेला. बोट आपोआप दाबलं गेलं. आणि लगेच इकडच्या हिंदीत आवाज आला, "ओ भिया! वहीं रुको! आगे कुआँ है!" मी कॅमेरा खाली केला. पुढच्याच पावलावर गवत संपत होतं आणि काळी पोकळी सुरू होत होती. विहिरीला कठडा नव्हता. खालून दगडांचा गार वास आला. मी होतो तिथे मटकन बसलो. तो माणूस वळसा घालून आला, त्याने मला दंडाला धरून मागे नेलं आणि हसत म्हणाला, "फोटू के चक्कर में सीधे ऊपर निकल जाते भिया." त्याचं बटल्याचं, म्हणजे वाटाण्याचं शेत होतं. ओंजळभर ओल्या शेंगा त्याने माझ्या खिशात कोंबल्या. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

घरी मी विहिरीबद्दल चकार शब्द काढला नाही. सांगितलं असतं तर माझे रविवार कायमचे बंद झाले असते. फोटो मात्र कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली फक्त 'आजची सकाळ' असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. किरणांच्या मधोमध उभी आकृती, अंगावर कांबळं, वर झालेला उजवा हात. सगळ्यांना एकच दिसलं. 'महाराजांनी दर्शन दिलं!' नागपूरच्या एका काकांनी तर तो फोटो मोठा करून मागितला. मी लिहिलं, 'अहो, तो शेतकरी आहे.' त्यावर उत्तर आलं, 'कोणत्या रूपात येतील सांगता येतं का?' मी कपाळाला हात लावला आणि फोन बाजूला ठेवला.

रात्री जेवायच्या आधी दादाने मला बाजूला ओढलं. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, माझ्याहून मोठा. "आईने हो म्हटलं रे! तुझा फोटो बघत बसली होती, आणि एकदम म्हणाली, महाराज हात वर करून अभय देताहेत, आता मला कशाची भीती? डॉक्टरला सांगून टाक." मी त्याला खरं काय ते सांगायला लागलो, तर त्याने मला मधेच तोडलं. "भिया, तुझे हात जोडतो. ती एकदा आत जाऊ दे. मग तिला काय सांगायचं ते सांग." मी हो म्हटलं. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्री मी ताट तसंच सारून उठलो. गप्प बसलो तर आत्या एका गैरसमजाला धरून ऑपरेशन टेबलावर झोपणार. बोललो तर ती पुन्हा नाही म्हणेल, आणि मग तिच्या मरणाला कारण मीच. आणि सगळ्यात जास्त संताप देवाचाच आला. याला स्वतः यायला जमत नाही, म्हणून माझ्या फसलेल्या फोटोतून हा कारभार करतोय!

पुढच्या रविवारी मी पुन्हा तिथे गेलो. त्या माणसाला भेटावं, निदान त्याचा चेहरा नीट पाहावा, असं वाटत होतं. शेतात त्याची बायको शेंगा तोडत होती. म्हणाली, "वो तो मंडी गए हैं हातोद. बटला ले के." मी विहिरीपाशी गेलो आणि थबकलो. काठाभोवती बाभळीच्या काटेरी फांद्या आणून रचल्या होत्या. ओल्या होत्या, नुकत्याच तोडलेल्या. मी गेल्यावर त्याने हे केलं असणार. मी तिथेच बांधावर बसलो. धुकं हळूहळू वितळत होतं, चिंचेतून किरणं उतरून त्या काट्यांवर पडली होती, आणि प्रत्येक काट्याच्या टोकाला दवाचा थेंब पेटल्यासारखा दिसत होता. कॅमेरा गळ्यात होता, पण मी तो उचलला नाही. किती वेळ गेला कळलं नाही. मला एवढंच जाणवत राहिलं की मी जिवंत आहे, आणि ते काही माझ्या हुशारीमुळे नाही. या गोष्टीत लपवण्यासारखं काय आहे, असं मला वाटू लागलं. आत्या जे धरून आत जाणार, ते खरंच असायला हवं. पुढचं काय व्हायचं ते माझ्या हातात नाही. उठताना मी त्या काट्यांना नमस्कार केला, आणि अबोला कधी सुटला ते माझं मलाच समजलं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी दादा औषधं आणायला खाली गेला होता. आत्या हॉस्पिटलच्या कॉटवर बसली होती, केस मोकळे, कानात काही नाही. तिला मी इतकी लहान कधी पाहिली नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. चिंच, विहीर, बटला, मंडी. उशीखालचा फोन काढून तिने फोटो मोठा केला आणि डोळ्यांजवळ नेला.

"मफलर आहे याच्या गळ्यात," ती म्हणाली.

"हो."

"आणि तू विहिरीच्या काठावर होतास?"

मी मान हलवली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या सलाइनची सुई हलली. "मूर्खा! कार्ट्या! डोळे काय त्या डब्यात ठेवून चालतोस?" आणि ती रडायला लागली. मीही रडलो. लाज वाटली नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "एक सांग. तो माणूस ओरडला तेव्हा तू थांबलास ना? की म्हणालास, महाराज स्वतः आले तरच थांबेन, वरना नहीं?"

"थांबलो."

"मग तो बिचारा डॉक्टर दिवाळीपासून ओरडतोय. मीच थांबत नव्हते." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "मला भीती वाटत होती रे. खूप भीती. भार टाकला-बिकला काही नव्हता. महाराजांच्या नावाआड लपून बसले होते. भार आता टाकते." तिने फोन मला परत दिला, आणि नर्स आली तेव्हा, "ताई, सुबह कित्ते बजे तैयार रहना है?" असं तिलाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. हॉस्पिटलच्या खिडकीतून किरण तर सोडा, साधं ऊनही दिसलं नाही. मी आणि दादा बाकावर बसून होतो. मी काही मागितलं नाही, नवस बोललो नाही. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं. दादा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिला.

उन्हाळा लागायच्या आधी आत्या बरी झाली आणि तिने हट्टच धरला, त्या माणसाला भेटायचं. दादाच्या गाडीतून आम्ही तिला नेलं. बटला निघून गेला होता, शेजारच्या शेतात गहू पिवळा झाला होता. तो माणूस भेटला. आत्याने त्याला शाल दिली, लाडू दिले, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "आपने हाथ उठाया, मेरा बच्चा बच गया. और मैं भी."

तो बिचारा संकोचून गेला. डोकं खाजवत म्हणाला, "माताजी, सच बोलूँ? कोहरे में मैं समझा नीलगाय घुस आई बटले में. उसको भगाने को हाथ उठाया था. फिर देखा, ये तो आदमी है. तब कुआँ याद आया."

आत्या इतकी हसली, इतकी हसली, की छातीला हात लावून तिला बांधावर बसावं लागलं. तोही हसला. मीही.

या गोष्टीला चमत्कार म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही, आणि आता मी तो वाद घालत नाही. त्या हातात आम्ही आशीर्वाद पाहिला, आणि ज्याचा हात होता तो आपला बटला राखत होता. कृपा ज्याच्या हातून येते, त्यालाही तिचा पत्ता नसतो. मग माझ्यासारख्याने तिचा हिशेब कशाला मागावा? आत्या आता जिना न थांबता चढते. मी तिच्या मागून चढतो, आणि मनातल्या मनात हात जोडतो.